टोमणा न लागणारा नवरा

...आणि वर मलाच म्हणते, "सरळ बोला!" सरळ बोला म्हणे! अहो, तीस वर्षं संसार काय मी सरळ बोलून केला? तुम्हाला सांगते, माझा एक टोमणा सासूबाईंनी ऐकला नि दोन दिवस जेवल्या नाहीत! आणि ही कालची स्पीच थेरपिस्ट, मांडीवर वही घेऊन मला बोलायला शिकवणार!

झालं काय, यांच्या मेंदूत उजव्या बाजूला गुठळी झाली. हात वाचला, पाय वाचला, बोलणं तर एकदम टकाटक. म्हटलं, सुटलो बाई! तर ही म्हणते, "काकू, त्यांना शब्द कळतात, पण आवाजातला राग, थट्टा, उपरोध... ते ओळखणारा भाग दुखावलाय." म्हणजे माझी सगळी कमाई पाण्यात!

घरी आल्या दिवशीच ओला टॉवेल गादीवर. मी म्हटलं, "वा! काय सुंदर जागा शोधलीत!" तर हे खूश होऊन, "आवडली ना? आता रोज इथेच ठेवतो." आणि ठेवतात हो, रोज! पूर्वी असं बोललं की यांचे कान लाल व्हायचे, तरातरा दारापर्यंत जायचे, परत यायचे आणि गुपचूप चहा टाकायचे. आमची भांडणं मिटायची ती अशी. आता भांडणच लागत नाही तर मिटणार काय, डोंबल? मी एकटीच चरफडते, आणि हा माणूस समोर बसून गोड हसतो. रडू येतं हो कधीकधी.

सरळ बोला म्हणे!

त्यात आमचे धाकटे दीर. हे आजारी पडल्यापासून आठ महिने आमचं फोटोफ्रेमांचं दुकान मी चालवलं; काचा मी कापल्या, बोटं माझी चिरली, तेव्हा हे दीर कुठे उलथले होते? आणि परवा कागद घेऊन हजर! आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात. "दादा, तुझी फार काळजी वाटते रे... दुकान माझ्या नावावर केलंस की तू मोकळा." त्यातली लबाडी रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळली असती! आणि हे? माझ्याकडे वळून म्हणतात, "किती प्रेमळ आहे गं हा!"

माझं डोकंच फिरलं. "सही करू नका"... तीन शब्द हो, तीन! पण संतापले की माझ्या तोंडातून सरळ काही निघतच नाही, त्याला मी काय करू? मी कडाडले, "द्या ना, द्या! दुकान द्या, घर द्या, मलाही बांधून द्या!"

यांनी सही केली. वर भावाला विचारतात, "घराचा कागद आणलायस का?"

दीर कागद घेऊन सुसाट पळाले. मी यांच्यासमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलले, "मला राग आलाय. खूप राग आलाय. आपलं दुकान गेलं." यांचा चेहरा एवढासा झाला, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "पण तूच म्हणालीस ना, द्या?"

घ्या! लग्न झाल्यापासून या माणसाने माझं एक वाक्य, तुम्हाला सांगते, एक वाक्य कधी ऐकलं नाही... आणि ऐकलं ते नेमकं हे!