मोराचा नमुना

अकोल्याच्या कापूसबाजारात एका शेठजींच्या ओट्यावर इनायतुल्ला चितारी बसला होता. कापसाच्या गाठींवर छाप म्हणून काढायच्या मोराचा नमुना त्यानं छातीशी धरला होता. आत दोन मुनीम बोलत होते, ते त्याला ऐकू येत होतं.

"चितारी आला. त्याले कामाले लावू?"

"एकेका गाठीवर मोर काढत बसंन? तवर अमेरिकेतली लढाई संपून कापसाचा चढलेला भाव पडंन! नमुना ठेवून घे, सुताराकून ठसा कोरून घेऊ."

"अन् त्याले काय सांगू?"

"शेठजी पाहून कळवतीन म्हण."

त्यातला एक मुनीम बाहेर आला. "द्या नमुना. शेठजी पाहून कळवतीन."

इनायतुल्लाची बोटं सुटेनात.

"ठसा बी मीच कोरतो जी," तो बोलून गेला.

"मंग उद्या कोरून आणा."

जन्मात पटाशी हाती न धरलेला इनायतुल्ला सुतारआळीकडे धावत सुटला.