उशी धरा आणि खोका

“छेद लहान असला तरी दुखणं लहान नसतं, सासूबाईंना रोज खोकायला लावा,” असं सासूबाईंच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर नर्सबाईंनी सुनेला बजावलं होतं. तिनं ते कानामागे टाकलं. आज बाळाला कडेवर घेऊन ती सासूबाईंच्या औषधांसाठी दवाखान्यात रांगेत उभी होती. मागे एक सुतारकाका आणि काखेत उशी घेतलेली त्यांची बायको; ती त्यांना दटावत होती.

“खोकला दाबून ठेवता, ते डॉक्टरांना सांगा.”

“काय सांगू? बरगड्यांमधून बोटभर छेद देऊन हृदयाची झडप दुरुस्त केली. शेजाऱ्याची अख्खी छाती उघडली, तो तरी कण्हतो का?”

“त्याचं त्याची बायको बघेल. तुम्हाला कालपासून ताप आहे.”

“ताप म्हटलं की परत झोपवतील. सोमवारी मला रंधा धरायचाय.”

“आधी ही उशी धरा. कुशीला घट्ट दाबा आणि खोका.”

“इथे? चारचौघांत?”

“घोरताना बरे चारचौघे आठवत नाहीत! खोका.”

“अगं आई गं!”

“आणखी एकदा. कफ छातीत साचला, तर रंधा मी मारू का?”

“...बरं बाई. दुखतं म्हणून सांगतो.”

हे ऐकून सुनेनं रांगेतूनच घरी सासूबाईंना फोन लावला.

“आई, जरा खोकून दाखवा.”

“काही त्रास नाही गं मला.”

“तरी खोका.”

तुमच्याही घरी कुणी ‘काही त्रास नाही’ असंच म्हणत पडून असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा.