माझा पट्टा त्याला लाव

करमणूक उद्यानात फिरत्या घोड्यांच्या रांगेत एक म्हातारा नातीला घेऊन उभा होता. पुढे चाकांच्या खुर्चीत एक मुलगी होती आणि तिच्या आईच्या कडेवर धाकटा.

"ताई, मुलीला घोड्यावर बसवा आणि धरून उभ्या राहा. धाकट्याला मात्र आत नेता येणार नाही," फाटकावरचा माणूस म्हणाला.

"खाली ठेवला की हा पळतो हो. राहू दे गं, आपण नुसतं बघू."

"आई, सकाळपासून नुसतं बघतोच आहोत. त्याला माझ्या खुर्चीत बसव, माझा पट्टा लाव."

"आणि खुर्ची कोण धरणार?"

"हे आजोबा. मघापासून आपलंच ऐकतायत."

म्हातारा ओशाळला. "धरतो की. आमच्या हिची खुर्ची चार वर्षं धरली होती, नातीच्या आजीची."

"दोन्ही ब्रेक लावा. त्याला हात लावू देऊ नका," मुलीने बजावलं.

"बरं, बाईसाहेब."

फेरी संपली, नातही घोड्यावरून उतरून आली, तरी म्हाताऱ्याचे हात खुर्चीच्या मुठींवरच होते.

"पळाला नाही ना, आजोबा?"

"जागचा हलला नाही."

"हलेल कसा? रोज मीच बसवते त्याला मांडीवर, याच खुर्चीत. आई, आता त्याला छोट्या गाडीत ने. मी थांबते."

फाटकावरचा माणूस हसला. "कमाल आहे ताई, दोन लेकरं एकटीने सांभाळता."

"एकटीने कुठे? आम्ही दोघी आहोत."