लुकलुकता दिवा आणि मी दिलेला होकार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय यादव साहेब, सत्कारमूर्ती तृप्तीताई, नांदगावकडून एसटीनं मुद्दाम आलेल्या पाहुण्या साळूबाई, आणि अंबडच्या ट्रॅफिकमधून वेळेवर पोचलेल्या माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो, खंडेरावचा सर्वांना नमस्कार.

तृप्तीताई पुण्याच्या कार्यालयात जात आहेत. त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोलावेत, अशी साहेबांची आज्ञा आहे. गोड मला जमेल का, हे आमच्या घरच्यांना विचारा! पण प्रयत्न करतो.

मी सव्वीस वर्षं जमिनी मोजल्या. साखळी ओढली, काट्याकुट्यातून खुणा रोवल्या. आणि तीन वर्षांपूर्वी ही मुलगी ड्रोनची पेटी घेऊन आली. आठवड्याचं काम अर्ध्या तासात! कोणाला आनंद झाला असेल तो असो, मी जळत होतो. खरंच सांगतो, यांच्या डब्यातल्या भाजीचं कौतुक झालं तरी माझा घास अडायचा.

त्यात यांची शिकवण्याची हातोटी. यंत्रावरचे दिवे पाहून मी गोंधळायचो, विचारायला लाज वाटायची. ताई मात्र गावकऱ्यांनाही समजावून सांगायच्या. ड्रोनवरचा दिवा हिरवा झाला, म्हणजे ड्रोन तयार. पण जमिनीवर तिपाईवर जे दुसरं यंत्र असतं, ते ड्रोनला जागा सांगतं. त्याचा दिवा लुकलुकतोय तोवर त्याला स्वतःचीच जागा पक्की सापडलेली नसते. तो स्थिर झाल्याशिवाय ड्रोन सोडायचा नाही. किती सोपं! मला मात्र ते यांच्याकडूनच शिकावं लागलं.

मागच्या मार्गशीर्षात आपण साळूबाईंच्या गावी होतो. ड्रोनच्या फोटोत दिसाव्यात म्हणून घरांच्या हद्दींवर लोकांनी चुना टाकला होता. साळूबाईंनी तिपाईला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मी कौतुकानं माहिती द्यायला पुढे झालो, तर साळूबाई म्हणाल्या, "बाबा, तुमी जरा बाजूला व्हा. ताईला सांगू द्या, तिचं लवकर समजतं."

हसू नका. त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ताई लांब, ड्रोनपाशी होत्या. तिपाईजवळ मी. त्यांनी हाक मारली, "काका, दिवा स्थिर झाला ना?"

मी म्हणालो, "झाला."

ड्रोन उडाला. नकाशा तयार झाला आणि पडताळणीत सगळं गाव दीड हात सरकलेलं निघालं. साळूबाईंचा ओटा शेजाऱ्याच्या अंगणात! भावकीत तोंडं फिरली, पुन्हा चुना टाकावा लागला, पुन्हा मोजणी झाली. चौकशीत मी सांगितलं की हारामुळे दिवा नीट दिसला नाही. मोजणीची जबाबदारी ताईंची, म्हणून मेमो त्यांना मिळाला. साहेब, त्यावर आपलीच सही आहे, आणि तो कागद आता ताईंच्या फाइलीबरोबर पुण्याला निघाला आहे.

ताईंनी माझं नाव घेतलं का? नाही. "दिवा मी स्वतः येऊन पाहायला हवा होता," एवढंच लिहून दिलं. मित्रहो, त्याचाही मला हेवाच वाटला. इथेही हीच मोठी ठरली! आणि साळूबाई आपल्या कार्यालयात येऊन हात जोडून म्हणाल्या होत्या, "ताई, माझ्या हारानं तुमाला बोल लागला." मी तेव्हा शेजारच्या टेबलावर होतो. मान खाली घालून चहा पीत राहिलो.

साळूबाई, तुमचा हार दिव्यापासून वीतभर खाली होता. दिवा मला लख्ख दिसत होता. तो लुकलुकत होता. मला ताईंची एकदा तरी फजिती व्हावी असं वाटत होतं, म्हणून मी "झाला" म्हणालो.

अध्यक्ष महोदय, हे सगळं मी सहीनिशी लिहून आणलं आहे. हा कागद आपण आत्ताच घ्यावा. ताईंची फाइल उद्या सकाळी निघते, त्याआधी मेमोवरचं नाव बदलावं, एवढीच विनंती आहे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. त्या दिवशी जे केलं, ते मात्र कोणीही पोटात घालू नये. तृप्तीताई, तुम्हीसुद्धा नाही.