अस्वलाच्या बाजूनं सही

(सन २००८. दौंड तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. चुलाणाच्या तोंडाशी जाळ घालणारा साहेबराव. शेजारी कंपनीच्या निळ्या शर्टात, शिरूरकडनं थेट ड्युटी संपवून आलेली त्याची लेक गौतमी.)

साहेबराव : आगं पन अस्वलाचा आन् माझा संबंध काय?

गौतमी : आबा, पांढरं अस्वल. त्याच्या पायाखालचा बर्फ वितळतोय. कंपनीत पोस्टर लावलंय.

साहेबराव : मग त्याला म्हनावं, जरा बाजूला उभं ऱ्हा.

गौतमी : चेष्टा नका करू. कंपनीनं सरकारला द्यायला अर्ज काढलाय, त्यात लिहिलंय, गुऱ्हाळांच्या धुरानं पृथ्वी तापतीय, गुऱ्हाळं बंद करा. लाइनवरच्या सगळ्यांनी सही करायची. उद्या शेवटचा दिवस.

साहेबराव : आन् न्हाई केली तर?

गौतमी : परमनंटच्या यादीतनं नाव गेलं. चार वर्षं कंत्राटात गाड्यांच्या सीटांची कव्हरं कापतीय मी.

साहेबराव : आन् केली तर माझं चुलाण इझलं! बावीस सालं जाळ घालतोय हितं. तुझी दहावी, तुझं आयटीआय, समदं ह्याच जाळावर शिजलंय.

गौतमी : मला ठाऊक नाही का? ओरडू नका.

साहेबराव : वरडनार! तुझ्या सायबाच्या केबिनीत भर मे महिन्यात हुडहुडी भरती. ती वीज काय अस्वल पाठवतंय?

गौतमी : आणि तुम्ही? गुऱ्हाळवाल्यांच्या सोमवारच्या मोर्चात पुढं कोण होतं? पेपरात फोटो आलाय. हातात फलक, 'आमचा धूर गोड, कंपन्या बंद करा.' माझी कंपनी, आबा!

साहेबराव : मालकानं हातात दिला, धरला. धरनाऱ्याला फलकाची मागचीच बाजू दिसती.

गौतमी : तुमचा पुढारी म्हणतो कंपन्या बंद, आमचा म्हणतो गुऱ्हाळं बंद. दोघं एकाच पक्षाचे. काल चौफुल्याला एकाच गाडीतनं उतरले.

साहेबराव : मग भांडत्यात कवा?

गौतमी : ते कशाला भांडतील? आपण आहोत की.

साहेबराव : सरक. चिपाडं वली हायती. ते काळं पोतं वत.

गौतमी : हे... हे सीटांच्या कव्हरांचं रेक्झिन आहे. आबा, हे जाळता तुम्ही?

साहेबराव : भंगारवाला टाकून जातो. चिपाडापरास झ्याक पेटतं.

गौतमी : थांबा. ह्याच्यावर खडूची खूण आहे. लाइन तीन. ही फुली माझी आहे! हे मी कापलंय!

साहेबराव : तरी म्हनलं, खोकला वळखीचा कसा वाटतोय.

गौतमी : हसू नका! कचरा तुमच्या चुलाणात घालायचा, अन् धुराचा अर्ज माझ्या हातात द्यायचा! उद्या ही चिंधी साहेबाच्या टेबलावर आपटते.

साहेबराव : म्हंजी तुला बी काढत्याल आन् मला बी. अस्वल तेवढं खूश. दे ती चिंधी हिकडं.

गौतमी : आबा! जाळलीत?

साहेबराव : जाळली. जा, सही कर.

गौतमी : मग नुसतं 'गौतमी' लिहिते. त्या अर्जावर तुमचं नाव नको.

साहेबराव : गौतमी साहेबराव लिव. मधलं नाव गाळलंस तर घरात घेनार न्हाई.