सगळे आल्याशिवाय हात लावायचा नाही

मंडळी, मागे उभे राहू नका, पुढे सतरंजीवर जागा आहे. हरीभाऊ म्हात्र्यांचा आज तेरावा. उरणहून भाऊबंद आलेत, तळोज्याच्या कारखान्यातून त्यांच्या मुलाचे, प्रमोदचे सोबती पाळी बदलून आलेत. तुम्ही आलात, बरं वाटलं.

खरं सांगू? मी दमलोय. आमच्या दुबईच्या खोलीतला एकेक जण जातो, आणि बोलायला मला उभं करतात. का, तर कुलकर्णी ऑफिसात होता, त्याला बोलता येतं. आता नको वाटतं. आज तर नाहीच म्हणणार होतो. पण वहिनी दहाव्याच्या दिवशी एक वाक्य बोलल्या, आणि ते ऐकून मला गप्प बसवेना.

त्या दिवशी कावळा शिवला नाही, तुम्हाला ठाऊक आहे. बराच वेळ वाट पाहिली. शेवटी दर्भाचा कावळा लावून मोकळे झालो. घरी आलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, शेवटचा घासपन माज्या हातचा घेतला नाय त्यांनी."

शेवटचा घासपण. म्हणजे आधीचेही नव्हते घेतले? मी विचारलं. तर म्हणाल्या, "तिकडून आल्यापासून त्यांना माजं जेवन गोड लागलं नाय. ताट पुढ्यात घेऊन नुसते बसायचे. मी दारात उभी. थंड झालं का दोन घास खायाचे न उठायचे."

वहिनी, मी आज तुमच्याशी बोलतोय. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.

आम्ही दुबईच्या देरा भागात राहायचो, खाडीजवळ. हरीभाऊ गोदीत वेल्डर, मी त्याच कंपनीच्या स्टोअरच्या ऑफिसात. लोकांना वाटतं, दुबई म्हणजे चैन. सोन्याची दुकानं, मोठाली हॉटेलं. होती ना. आम्ही ती बसच्या खिडकीतून पाहिली. आमची दुबई म्हणजे एकावर एक पलंग, घरघरणारा एसी आणि शुक्रवारचं जेवण.

शुक्रवारी सुट्टी. सकाळीच हरीभाऊ मासळीबाजारात. सुरमईचे कल्ले उघडून बघायचे आणि म्हणायचे, "कालची हाय, चला पुढं." मी पनवेल सोडलं तेव्हा अंड्यालाही शिवत नव्हतो. पहिल्या वर्षी नाक दाबलं, दुसऱ्या वर्षी ताट पुढे केलं. माझी बायको समोर बसलीय, तिलाही हे आजच कळतंय.

जेवणाआधी बिअर. शोकसभेत बिअरचं नाव काढू नये म्हणतात. पण त्या माणसाचा खोटा फोटो कशाला टांगू? घ्यायचे. एक डबा, दुसऱ्याला हात नाही. आमच्यातला रत्नागिरीचा अब्दुल थेंबही घेत नसे, पण बर्फ तोच फोडायचा. जमिनीवर पेपर अंथरायचा तो मल्याळम. अरबी नाही. अरबी पेपरात देवाचं नाव असतं, त्यावर काटे टाकू नयेत, असं अब्दुल एकदा म्हणाला, आणि हरीभाऊंनी तो सगळ्या खोलीचा नियम केला.

पण मुख्य कायदा वेगळाच होता. सगळे आल्याशिवाय हात लावायचा नाही. शुक्रवारीही कुणाला तरी ओव्हरटाइम असायचा. एकदा एक जण उशिरा आला, तेव्हा टोपात नुसता रस्सा उरला होता. त्याने पावाशी रस्सा खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. ते हरीभाऊंना फार लागलं. तेव्हापासून तो कायदा.

भात थंड व्हायचा. बिअर गरम व्हायची. पोटात कावळे ओरडायचे. मी चिडून म्हणायचो, "अहो, त्याचं बाजूला काढून ठेवू." ते म्हणायचे, "काढून कुत्र्यासाठी ठेवतात, कुलकर्णी. मानसासाठी थांबतात. सगली येऊ दे."

आणि सगळे आले की वाढायचे काय? वहिनी, तुमचं कालवण. तुम्ही डब्यात दिलेला मसाला, तुम्ही सांगितलेली रीत. दर शुक्रवारी चमचा जिभेला लावायचे आणि मान हलवायचे. "नाय. तिच्यासारकं नाय." आम्ही बोटं चाटायचो. ते म्हणायचे, "तिच्या हातचं खाल, मंग समजंल." आणि म्हणे त्यांना तुमचं गोड लागत नव्हतं!

मग ते कायमचे परत आले. इथे ब्लॉक झाला, डायनिंग टेबल आलं. मी एकदा जेवायला आलो. तुम्ही दोघांना वाढलंत आणि दारात उभ्या राहिलात. हरीभाऊ थांबले. खोलीची सवय, मीही थांबलो. मी म्हटलं, वहिनी, बसा की. तुम्ही म्हणालात, "तुमचं होऊ द्या, मंग मी हाय." तुम्हाला वाटलं असेल, दोघांनाही आवडलेलं दिसत नाही.

जिना उतरताना मी त्यांना म्हटलं, सांगून टाका की. तर म्हणाले, "काय सांगू? मी तिकडं व्हतो, घर तिनं चालवलं. देऱ्यात आपला कायदा. हितला कायदा तिचा."

ऐकलंत? ते तुम्ही बसण्याची वाट बघत होते. तुम्ही ते उठण्याची वाट बघत होतात. प्रमोद पाळीवर. शेजारीपाजारी म्हणाले, दुबईचं खाल्लेली जीभ ती, तिला इथलं काय रुचणार. काय बोलतात माणसं! मधे ताट निवत राहिलं. तुम्ही दोघंही एकमेकांचा मान राखत होतात आणि दोघंही उपाशी. मला याचा राग येतो. कुणावर काढू?

कावळ्यातलं मला कळत नाही. हरीभाऊंमधलं कळतं. वहिनी, त्यांनी तुमचा घास कधीच नाकारला नाही. ते थांबले होते.

खाली पानं मांडलीत. बायकांची पंगत शेवटी बसते, ठाऊक आहे मला. आज नाही. वहिनी पहिल्या पाटावर बसतील, शेजारी प्रमोद. कालवण आज नाही, गोडाचंच आहे, पण त्यांनी पहिला घास घेईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. थंड झालं तर होऊ द्या.

चला, उभे राहा. खोलीत कुणाची वाट बघताना राहायचो, तसे जरा वेळ गप्प राहू.