रणगाड्याचा चिखल

सासरी मी पहिल्यांदा आवाज चढवला तो चिखलासाठी, खरं सांगते. लग्नाला दोन महिने झाले होते. औरंगपुऱ्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या रणगाड्याचा संच आणला आणि रोज दुपारी एकेक बारीक भाग चिकटवायला लागले. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "लग्न झालं तरी खेळणी सुटंनात व्हय?" पण पहिलाच रणगाडा, पुरा करायचाच होता. तो लढाईवरून आल्यासारखा दिसावा म्हणून पिशोरच्या आमच्या शेतातली माती गोंदात कालवून चाकांना दोन दिवस लावत बसले.

खंडेनवमीला अंघोळ करून आले, तर मोटारसायकलीजवळ विळ्या-कोयत्यांच्या रांगेत माझा रणगाडा! स्वच्छ धुतलेला, तोफेला कुंकू.

"आई, तो चिखल मुद्दाम लावला होता!"

"मग? घाणेरडी गाडी पूजेला ठेवू व्हय?"

"पण तुम्हीच तर याला खेळणं म्हणता ना?"

"लई बोलती गं तू," सासूबाई म्हणाल्या आणि तोफेवर झेंडूचं फूल ठेवलं.

दसरा झाल्यावर मी पुन्हा माती कालवायला बसले. सासूबाई शेजारी टेकल्या.

"घट्ट कालव. चाकाला चिखल असा पातळ बसत नसतो."